रेक्टर कोणाची?

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांमध्ये वाटाघाटी सुरू होतात. मुलीला चांगले गुण आहेत, तिला पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला शिकायला जायचं आहे. फी कशीबशी जमेल, स्कॉलरशिपचा अर्जही भरता येईल. मग अब्बू किंवा दादी तो प्रश्न विचारतात: राहणार कुठं, आणि तिथली बाई कशी आहे? कितीतरी मुलींचं पुढचं शिक्षण या ‘बाई’वर अडतं किंवा सुटतं. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी, विशेषतः मुलींसाठी, परवडणाऱ्या वसतिगृहांची शिफारस केली होती. इमारतींबद्दल आपण तेव्हापासून बोलतो आहोत. त्या इमारतीत रात्री कोण असतं, याबद्दल फारसं बोलत नाही.

मी एका विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात रेक्टर आहे आणि आठ वर्षं तिथंच राहते. तळमजल्यावर माझं दोन खोल्यांचं क्वार्टर, वर तीन मजल्यांवर जवळपास ३०० मुली. त्यात मुस्लीम मुली चाळीसच्या आसपास. लग्नकार्यात कुणी विचारलं तर माझी खाला घाईघाईने ‘युनिव्हर्सिटीत आहे’ एवढंच सांगते. रेक्टर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर किल्ल्यांचा जुडगा, हजेरीचं रजिस्टर आणि फाटकाशी उभी असलेली कडक बाई येते. आपल्यातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी हे काम करावं, असं माझं मत आहे. पण त्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो. रेक्टर कोणाची असते? पालकांची, संस्थेची, की तिथं राहणाऱ्या मुलींची?

कायद्याने याचं अर्धं उत्तर दिलेलं आहे. रॅगिंग रोखण्यासाठी यूजीसीने २००९ साली जे विनियम केले, त्यात प्रत्येक वसतिगृहाला पूर्णवेळ वॉर्डन असावा असं म्हटलं आहे. तो वसतिगृहातच किंवा अगदी जवळ राहावा, चोवीस तास भेटावा, फोनवर मिळावा. त्याची निवड करताना शिस्त राखण्याची ताकद बघावीच, पण तरुण मुलांशी बोलण्याचं, त्यांना समुपदेशन करण्याचं कौशल्यही बघावं, हेही त्यात आहे. प्रत्यक्षात काय दिसतं? एखाद्या प्राध्यापकाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ असतो. ते संध्याकाळी सह्या करून घरी जातात. रात्रीची सगळी जबाबदारी अकरा महिन्यांच्या करारावरच्या सहायक रेक्टरवर आणि फाटकावरच्या ताईंवर पडते. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत निवासी हॉलचा संचालक हा पूर्णवेळ व्यवसाय आहे. त्यासाठी बऱ्याच ठिकाणी पदव्युत्तर पदवी मागतात, राहायला घर देतात, हाताखाली वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांची प्रशिक्षित टीम असते. आपल्याकडे बी.एड. झालेल्या, शाळेत जागा न मिळालेल्या बाईला ‘तोवर हे करा’ म्हणून हे काम मिळतं.

आणि काम तर रात्रीच सुरू होतं. दिवसा असतात त्या तक्रारी: गिझर बंद, मेसच्या डाळीत पाणी, कॉटवरून भांडण. रात्री दोन वाजता दार वाजतं तेव्हा तक्रार वेगळी असते. कुणाला १०३ ताप, कुणाला पाळीच्या वेदनांनी चक्कर. कुणाच्या घरून फोन आलेला असतो की अब्बू गेले, आणि पहाटेच्या पहिल्या एसटीपर्यंत तिच्यासोबत बसायचं असतं. निकालाच्या आठवड्यात मी गच्चीची किल्ली उशाशी ठेवते आणि प्रत्येक मजल्यावर दोनदा चक्कर मारते. कोणती मुलगी तीन दिवस मेसमध्ये आलेली नाही, हे रजिस्टर सांगत नाही. ते मेसच्या मावशी सांगतात, म्हणून मावशींशी माझी दोस्ती आहे.

मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवीचा मृत्यू झाला. ती जळगावची, तडवी भिल्ल समाजातली, म्हणजे आदिवासी आणि मुस्लीम दोन्ही. वरिष्ठ सहकारी जातीवरून छळत होत्या, आपण आधीच तक्रार केली होती, असं तिची आई आबेदा तडवी यांचं म्हणणं आहे. खटला न्यायालयात आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण आपल्या समाजातली पहिलीवहिली डॉक्टर, इंजिनिअर, संशोधक होऊ पाहणारी मुलगी मोठ्या संस्थेत जाते तेव्हा तिच्या बाजूने ऐकणारं, लिहून घेणारं आणि वर पाठपुरावा करणारं एक माणूस त्या इमारतीत राहत असायला हवं. ती जागा रेक्टरची आहे.

अशी माणसं आपल्या इतिहासात आहेत. अलीगढमध्ये शेख अब्दुल्लांनी १९०६ साली मुलींची शाळा काढली. पडद्याच्या त्या काळात लोक मुली शाळेत पाठवायलाच तयार नव्हते, मग वसतिगृहात कसे ठेवणार? १९१४ मध्ये वसतिगृह सुरू झालं तेव्हा त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम स्वतः मुलींबरोबर राहायला गेल्या. त्या ‘आला बी’ झाल्या आणि शेख अब्दुल्ला ‘पापा मियाँ’. इकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लीम विद्यार्थ्यांसाठी शिक्षणसंस्था काढून बोर्डिंगला बळ दिलं. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सुरू केलेल्या बोर्डिंगात सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीत जेवत आणि त्यांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिलं. या सगळ्यांनी मुलांसोबत राहण्याला कमीपणाचं काम मानलं नाही.

मात्र आला बींच्या काळात पालकांना दिलेला शब्द आणि मुलींचं हित एकच होतं, किंवा निदान तसं मानलं जात होतं. आज माझ्या वसतिगृहातल्या सगळ्या मुली अठरा वर्षांच्या वरच्या आहेत. त्या मतदार आहेत. त्यांच्या पालकांचे फोन मला रोज येतात, आणि मुस्लीम पालकांचे जरा जास्तच येतात, कारण मी ‘आपली’ आहे. ‘मॅडम, तुम्ही आमच्यातल्याच, जरा लक्ष ठेवा. ती कुणाबरोबर जाते, बुरखा घालते की काढून ठेवते, नमाज पढते का, तेवढं कळवत जा.’ एकदा एका मुलीचे मामू थेट ऑफिसात आले. त्यांना तिचं येण्या-जाण्याचं रजिस्टर बघायचं होतं. मी चहा दिला, रजिस्टर दिलं नाही.

हे सांगणं सोपं आहे, निभावणं अवघड. ‘आम्ही मुलींची माहिती देत नाही’ असं ताठपणे सांगितलं की काही पालक दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन येतात आणि मुलीला सामानासकट घरी नेतात. तत्त्व माझं टिकतं, शिक्षण तिचं सुटतं. त्यामुळे तरुण वाचकांपैकी ज्यांना ‘पालकांना कशाला विचारायचं, मुली सज्ञान आहेत’ असं वाटतं, त्यांचं म्हणणं मला बरोबर वाटूनही पुरेसं वाटत नाही. खेड्यातल्या अम्मीचा विश्वास हीसुद्धा त्या मुलीची शिदोरी आहे. ती मी लाथाडू शकत नाही.

म्हणून मी माझ्यापुरते काही नियम केले आहेत आणि प्रवेशाच्या दिवशी पालक व मुलगी दोघांसमोर ते वाचून दाखवते. मी पालकांशी खोटं बोलणार नाही. मुलगी वसतिगृहात आहे की नाही, तब्येत ठीक आहे की नाही, एवढं विचारलं तर सांगेन. तिची मैत्री, तिचे कपडे, तिची इबादत याबद्दल सांगणार नाही. काही कळवायची वेळ आलीच तर आधी तिला सांगेन, मग घरी फोन करेन, शक्यतो तिच्यासमोर. जिवाला धोका असेल तर मात्र कुणाच्याही परवानगीसाठी थांबणार नाही. आणि धोका कधीकधी घरातूनच असतो, तेव्हा घरी फोन न करणं हेच तिला वाचवणं असतं. बहुतेक पालक हे ऐकून गप्प होतात, मग हळूच मान डोलावतात. आपल्याशी कुणी सरळ बोललं याचं त्यांना बरं वाटतं, असा माझा अनुभव आहे.

नियमांच्या बाबतीतही कायदा मुलींच्या बाजूने आहे, हे आपल्या मुलींना माहीत हवं. लैंगिक छळ प्रतिबंधासाठी यूजीसीने केलेल्या २०१५ च्या विनियमांत स्पष्ट आहे की सुरक्षिततेचं कारण सांगून मुलींच्या वसतिगृहावर मुलांपेक्षा वेगळे, भेदभाव करणारे नियम लादता येत नाहीत. त्याच वर्षी जामियातल्या मुलींची रात्री उशिरापर्यंत बाहेर राहण्याची सवलत बंद झाली आणि त्या असंतोषातून दिल्लीत ‘पिंजरा तोड’ उभं राहिलं. केरळमधल्या फहीमा शिरीनची गोष्ट तर आपल्या प्रत्येक वसतिगृहात लावून ठेवावी. संध्याकाळी ठरावीक तास मोबाइल जमा करायचा नियम तिने मानला नाही, म्हणून तिला वसतिगृहातून काढलं. ती उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला आणि तिला परत घ्यायला लावलं. तिच्या वडिलांनीही तिला साथ दिली होती. आपल्याकडचे वडील नेहमी एकाच साच्याचे नसतात.

आता रमजानचं. माझ्याकडे पहिल्या वर्षी चाळीस मुली सहेरीला बिस्किटं आणि केळी खात होत्या. खोलीत इलेक्ट्रिक केटल ठेवायला बंदी, मेस सकाळी साडेसातला उघडणार. ठेकेदार म्हणाला, चाळिसांसाठी पहाटे गॅस पेटवणं परवडत नाही. मी हिशेब मांडला. मुलींचं दुपारचं जेवण बंद असतं, त्याच पैशात सहेरी बसते. वर नवरात्रात जशी साबुदाण्याची सोय होते तशीच ही, हेही सांगितलं. आता रोजे नसलेल्या, परीक्षेसाठी जागणाऱ्या मुलीही त्या वेळी चहाला येतात. याला मी सौहार्द वगैरे मोठी नावं देत नाही. पहाटे चारला चहा मिळतो म्हणून त्या येतात. पण मेसचं टेबल किती पेटू शकतं हे आपण बघितलं आहे. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईत शाकाहारींच्या वेगळ्या टेबलांवरून वाद झाला आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला. मार्च २०२४ मध्ये अहमदाबादला गुजरात विद्यापीठाच्या वसतिगृहात नमाज पढणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ला केला. अशा वेळी तिथल्या रेक्टरचा स्वभाव, त्याचं प्रशिक्षण आणि त्याची हिंमत यांना किंमत येते.

मुलग्यांच्या वसतिगृहांबद्दल तर कुणी विचारतच नाही. मुलगा आहे, राहील कुठंही. ऑक्टोबर २०१६ मध्ये जेएनयूच्या माही-मांडवी वसतिगृहातून नजीब अहमद नाहीसा झाला, आदल्या रात्री वसतिगृहात मारामारी झाली होती. त्याची अम्मी फातिमा नफीस अजून त्याची वाट बघते. आपले मुलगेही एकटे पडतात, घाबरतात, रडतात. फक्त ते दार वाजवत नाहीत. मुलग्यांना समजून घेणारे पुरुष रेक्टर हवे आहेत, आणि समाजशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य शिकलेल्या आपल्या तरुणांनी या कामाकडे ढुंकूनही न बघणं मला खटकतं. यूपीएससीच्या क्लासला पाच वर्षं देणारे आहेत, यासाठी पाच मिनिटं देणारे नाहीत.

मुस्लीम रेक्टर म्हणजे मुस्लीम मुलींची रेक्टर, असं मात्र समजू नका. माझ्याकडच्या २६० मुली इतर समाजांच्या आहेत. लातूरच्या एका मुलीच्या वडिलांनी माझं नाव वाचून दुसरं वसतिगृह मागितलं होतं. तिथं जागा नव्हती म्हणून ती इथं राहिली. तिच्या डेंग्यूत मी सहा रात्री दवाखान्यात होते. वडील आता दिवाळीला फराळाचा डबा पाठवतात. दुसरीकडे, विद्यापीठात ‘मुस्लीम मुलींचा प्रश्न’ आला की सगळे माझ्याकडे वळून बघतात, जणू मीच प्रश्न आणि मीच उत्तर. दोन्ही सोसावं लागतं. पहिलं जरा सोपं जातं.

ज्यांना खरंच अर्ज करायचा आहे त्यांच्यासाठी थोडं रोखठोक. जून-जुलैत जाहिराती येतात. मुलाखतीत तुम्हालाच प्रश्न विचारतील, पण तुम्हीही विचारा. क्वार्टरला वेगळं दार आहे का, की मुलींच्या पॅसेजमधूनच जावं लागेल? आठवड्याची सुट्टी कोणत्या दिवशी, आणि त्या रात्री जबाबदारी कुणाची? रात्री दवाखान्यात नेण्यासाठी गाडी कोण देणार, पैसे कोण भरणार? नवरा, मुलं किंवा म्हातारी अम्मी सोबत राहू शकतात का? समुपदेशक आहे का, की तेही तुम्हीच? पालकांच्या फोनबद्दल लेखी धोरण आहे का? या शेवटच्या प्रश्नावर समोरचे एकमेकांकडे बघू लागले, तर तिथं रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात ते धोरण स्वतः लिहा, कुलसचिवांकडून सही करून घ्या आणि नोटीस बोर्डावर लावा.