तट्टू आणि घोडा

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्यास तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. तिथे घोडा अक्षरशः वाचला जातो: कानांची टोके एकमेकांना भिडतात का, देवमण आहे का, चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी आहे का. हे पारखीचे एक जुने समीक्षाशास्त्रच होय. आमची तक्रार त्याच्या निकषांविषयी आहे. या बाजारात मान आहे तो उंच, देखण्या मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांना. महाराष्ट्राची स्वतःची जात जी भीमथडी, तिला तिथे कोण विचारतो?

गंमत अशी, की राजा बढे यांच्या ज्या गीताला 2023 साली राज्यगीताचा दर्जा मिळाला, त्यात भीमथडीचे तट्टू आहे. शाळाशाळांतून ते गायले जाते. आणि त्याच मराठीत ‘भाडोत्री तट्टू’ ही शिवी आहे! मराठ्यांच्या घोडदळाचा भार वाहिलेल्या जनावराचे नाव आपण क्षुद्रतेसाठी राखून ठेवले. भाषेने केलेले हे अवमूल्यन बाजारातल्या अवमूल्यनाहून निराळे आहे, असे आम्हांला वाटत नाही.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने आता भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे, हे चांगलेच झाले. पण नोंद म्हणजे जतन नव्हे. तंत्रज्ञान तर हाताशी आहे. 2023 मध्ये बिकानेरच्या अश्व संशोधन केंद्रात भ्रूण प्रत्यारोपणाने मारवाडी शिंगरू जन्मले. उत्तम घोडीच्या गर्भाशयातून भ्रूण काढून तो दुसऱ्या घोडीत रुजवायचा, म्हणजे एकाच घोडीपासून वर्षात अनेक शिंगरे मिळू शकतात. मात्र असे तंत्र किंमत असेल तिकडे धावते. मोजक्या लोकप्रिय नरांचेच वीर्य सर्वत्र वापरले गेले, तर जात संख्येने वाढते आणि रक्ताने आकसते. आपल्या पाठ्यपुस्तकांत तेच चार कवी वर्षानुवर्षे छापले जातात, त्यातलाच हा प्रकार. असो.

भीमथडीचे गुण रंगात वा भोवऱ्यात नाहीत. मेंढपाळाचा संसार पाठीवर घेऊन कळपामागे मैलोन्‌मैल चालणे, थोड्या चाऱ्यावर तग धरणे, खडकाळ वाटेवर खूर टिकवणे, हे ते गुण. द्रव नत्रात गोठवलेल्या वीर्यनळीत त्यांची जनुके राहतील. पण त्यांची निवड होत राहते ती भटकंतीतच. चराऊ रानेच बंद झाली आणि मेंढपाळाने सामान टेम्पोत घातले, तर कोणता नर चांगला हे ठरवायचे कशावरून? म्हणून जतनाचा पैसा प्रयोगशाळेइतकाच तट्टू पाळणाऱ्या धनगरालाही मिळाला पाहिजे. आणि सारंगखेड्यात तट्टांसाठी निराळी स्पर्धा हवी: नाच नको, रंग नको, पाठीवर ओझे आणि तापीकाठची दिवसभराची चाल.