राष्ट्रगीत आणि आपली शिस्त

१६ ऑगस्ट २०२२ रोजी सकाळी साडेअकराला आबिड्सचा चौक थांबला होता. जनरल पोस्ट ऑफिससमोर नेहरूंच्या पुतळ्यापाशी तत्कालीन मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव सामूहिक राष्ट्रगीतासाठी उभे होते. त्याच वेळी राज्यभर रहदारी थांबली, मेट्रोसुद्धा थांबली. एरवी सिग्नललाही न थांबणारे आपले शहर शिस्तीत उभे राहू शकते, हे सर्वांनी पाहिले.

मग आपल्याच मंडळांच्या कार्यक्रमांत ही ५२ सेकंदे जड का व्हावीत? राष्ट्रगीत शेवटी असते, म्हणून अर्धी मंडळी आधीच चपला शोधू लागतात. कोणी मोबाइलवर चित्रण करतो, कोणी छातीवर हात ठेवतो. छातीवर हात ही अमेरिकेची पद्धत. आपल्या केंद्रीय गृहखात्याचा नियम साधा आहे: सावधान स्थितीत उभे राहावे. म्हणजे शाळेत शिकविले तेच. हात बाजूला सरळ, नजर समोर, गप्पा बंद, आणि गीत पूर्ण होईपर्यंत जागा सोडायची नाही.

मात्र शिस्त वेगळी आणि दटावणी वेगळी. केरळातील तीन मुले धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत गात नसत, पण आदराने उभी राहत. त्यांना शाळेतून काढणे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली चूक ठरविले. चित्रपटगृहांतील राष्ट्रगीताची सक्तीही त्याच न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये उठविली. राष्ट्रगीत लागले तर उभे राहावे, पण अपंगांना सूट, असे सांगितले. तेव्हा गुडघे धरलेल्या आजोबांकडे पाहून कोणी डोळे वटारू नयेत.

हैदराबादकरांना तर गाण्याची किंमत ठाऊक आहे. १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांना बाहेर काढण्यात आले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले, पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. ज्या संस्थानात देशाचे गीत म्हणणे हा गुन्हा होता, तिथे आज ते मोकळेपणी म्हणता येते. अशा वेळी चपला शोधणे आपल्याला शोभत नाही.

आमची कार्यकारिणीला विनंती आहे. राष्ट्रगीतापूर्वी माइकवरून सूचना द्यावी, ज्येष्ठांना बसण्याची मुभा जाहीर करावी, आणि ध्वनिफीत न लावता सर्वांनी मिळून गावे. सूर चुकला तरी चालेल. आपल्या मुलांना पाठ आहे की नाही, हेही त्यातून कळेल.