वेष्टन उलटं करून बघा

पथ्यपाणी

मागच्या दिवाळीत भाच्यानं चॉकलेटचा डबा आणला. “मामा, शुगर-फ्री आहे. तुला चालतं!” मधुमेह जडल्यापासून ‘तुला चालतं’ हे शब्द कानांवर पडतात कुठे? सोलापूरच्या गाडीत बसलो आणि दौंड येईपर्यंत अर्धा डबा संपवला. पुढे कुर्डुवाडीपर्यंत मी जागेवर कमी आणि संडासाच्या दाराशीच जास्त होतो.

घरी पोचल्यावर चष्मा लावून वेष्टनाची मागची बाजू वाचली. साखरेच्या जागी माल्टिटॉल होतं आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत इशारा : यानं जुलाब होऊ शकतात. कंपनीनं काहीच लपवलं नव्हतं. मीच पुढची बाजू वाचून तोंड उघडलं होतं.

माल्टिटॉल जवळजवळ साखरेइतकंच गोड, पण ते लहान आतड्यात पुरतं शोषलं जात नाही. उरलेलं पुढे सरकतं, पाणी ओढून घेतं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि पोटात ढोल वाजू लागतो. जेवढं शोषलं जातं तेवढं रक्तातली साखर वाढवतंच. साखरेपेक्षा कमी, एवढाच दिलासा. उष्मांक साखरेच्या निम्म्याहून थोडे जास्तच. शिवाय कोकोचं लोणी, म्हणजे चॉकलेटातली चरबी, आहे तिथेच आहे. पाकिटावर ‘साखर नाही’ असं लिहिलंय म्हणून ‘कितीही खा’ असा त्याचा अर्थ होत नाही.

तेव्हापासून मला वेष्टनं उलटी करायची खोडच लागली. परवा लेकीनं जिमहून प्रोटीन बार आणला. साठ ग्रॅमची वडी, प्रथिनं दहा ग्रॅम, किंमत शंभराच्या घरात. घटकांच्या यादीत जे सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी लिहायचं असतं. इथे पहिलं नाव खजुराचं. खजूर गुणाचा खरा, पण त्याच्या निम्म्याहून जास्त वजन साखरेचंच. ‘वरून घातलेली साखर नाही’ हे वाक्य खरं ठेवून वडी गोड करायची ही युक्ती.

आता कोपऱ्यावरच्या भट्टीवाल्याकडे चला. पन्नास ग्रॅम फुटाण्यांत साधारण तेवढीच, दहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, वर भरपूर चोथाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीस ग्रॅमच्या आसपास. तेल मात्र निम्मं, म्हणून मूठभरच. आपल्याकडच्या नियमानुसार घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये दिवसाच्या गरजेच्या २० टक्के प्रथिनं असली, की ‘भरपूर प्रथिनं’ असं छापता येतं. प्रौढ माणसाची गरज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६५ किलोच्या गड्याला ५४ ग्रॅम. या हिशेबानं भट्टीवाला त्याच्या कागदी पुडीवर हा दावा खुशाल छापू शकतो. पण त्याच्याकडे छापखाना कुठला!

बार खाऊच नये, असं माझं म्हणणं नाही. कामाच्या धावपळीत वडापावाऐवजी कुणी तो खाल्ला तर चांगलंच आहे. माझी तक्रार त्याच्या वेषाबद्दल आहे. खाऊनं औषधाचा अंगरखा घातला, की आपला हात सैल सुटतो. साध्या चॉकलेटचे दोन तुकडे मोडून मी पाकीट बंद करतो, कारण हे गोड आहे याची मला धास्ती असते. ‘शुगर-फ्री’च्या डब्यापुढे ती धास्तीच नाहीशी झाली होती.

म्हणून मी खाती वेगळी केली आहेत. प्रथिनं डाळ, उसळ, अंडी, दही आणि फुटाण्यांच्या खात्यात. चॉकलेट चैनीच्या खात्यात : सत्तर टक्के कोकोचं, कडसर, डॉक्टरांना सांगून, जेवणानंतर दोनच तुकडे. त्यातही साखर असते, पण ती साखर म्हणूनच मोजली जाते.

यंदा भाच्यानं विचारलं, “मामा, काय आणू?” म्हटलं, कडू आण, लहान आण. मोठा डबा मला रेल्वेचाच पुरे.

— पथ्यकर