माती मोजली जाते, मुले मोजली जात नाहीत

दसरा-दिवाळी सरली, नागली-वरईची कापणी आटोपली की जव्हार-मोखाड्याचे पाडे रिकामे होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली वारली, कातकरी कुटुंबे भिवंडी, वाडा, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. ‘ही माणसे दरवर्षी जातातच, त्यात नवल काय?’ असे म्हणून आपण मोकळे होतो. अन्याय दरवर्षी घडतो, म्हणून तो रिवाज ठरतो काय?

कायदे आहेत, असे सांगितले जाते. होय, आहेत. परंतु स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ साली झालेला कायदा मुळात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुरांसाठी होता. २०२० च्या नव्या संहितेतही आंतरराज्य स्थलांतरिताची व्याख्या राज्याच्या सीमेलाच बांधलेली राहिली. जव्हारचा मजूर ठेकेदारामार्फत गुजरातेत गेला तर तो कायद्याच्या लेखी स्थलांतरित. भिवंडीस गेला तर कोणीच नव्हे! बालकाची भूक मात्र राज्याची सीमा पाहून लागत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळा बदलण्याचा हक्क दिला. पण भट्टीवरून शाळेत त्याला नेणार कोण? गर्भवती व स्तनदा आदिवासी मातांना अमृत आहार मिळतो तो गावच्या अंगणवाडीत. माता भट्टीवर गेली की ताट गावातच राहते. हक्क पाड्यावर आणि हक्कदार भट्टीवर, अशी ही व्यवस्था आहे.

१९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्याच वर्षी भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. २०१४ साली पालघर हा वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्या जवळ आल्या. २०१६ साली मोखाड्यातील कुपोषणाने पुन्हा मथळे गाजले. करार, जिल्हा, मथळे, सर्व झाले. पाडे रिकामे होणे थांबले नाही.

वीटभट्टीला माती लागते. ती खणायची तर महसूल खात्याची परवानगी लागते आणि ब्रासवर स्वामित्वधन भरावे लागते. म्हणजे शासन मातीचा हिशेब चोख ठेवू शकते. मग त्याच परवान्यासोबत भट्टीवरील मुलांची यादी का मागितली जाऊ नये? ती यादी जवळच्या शाळेकडे आणि अंगणवाडीकडे का जाऊ नये? यासाठी नवी तिजोरी नको, इच्छा हवी. आणि कामाची जी हमी महाराष्ट्राने १९७७ साली कायद्याने दिली, ती दिवाळीनंतर पाड्यावरच वेळेवर काम व वेळेवर मजुरी देऊन पाळली, तर उचल घेण्याची पाळीच अनेकांवर येणार नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१७ च्या स्थलांतरित दिनाचा विषयच स्थलांतरित मुले हा ठेवला होता. त्यांना आवाज नाही, असे त्यांचे सांगणे होते. आपण दूरदेशीच्या निर्वासितांसाठी प्रार्थना करतो, ते योग्यच आहे. परंतु आपली घरे ज्या विटांनी उभी राहिली, त्या विटांजवळ वाढणारे मूल आपल्याच धर्मग्रामाच्या वेशीवर आहे. घर बांधताना विटेचा भाव आपण विचारतो. त्या भट्टीवरची मुले शाळेत जातात काय, हेही आपण विचारलेच पाहिजे.