औषधाआधी बाळाकडे पाहा

आज धनत्रयोदशी. वैद्यमंडळींच्या घरी धन्वंतरीचे पूजन होईल, धणे-गुळाचा नैवेद्य दाखवला जाईल, कडुनिंबाची पाने साखरेबरोबर प्रसाद म्हणून हातावर पडतील. तिन्हीसांजेला घरोघरी उंबऱ्याबाहेर दक्षिणेकडे वात केलेला यमदीप लागेल. या दिव्याची कथा सोळा वर्षांच्या एका राजपुत्राची आहे. लग्नाच्या चौथ्या दिवशी त्याला मरण येणार होते आणि त्याच्या नववधूने रात्रभर दिवे पेटते ठेवून ते परतवले. अकाली मृत्यू कुणाच्याही दारी येऊ नये, एवढीच त्यामागची प्रार्थना. आरोग्याच्या देवतेची पूजा आणि कोवळ्या वयातल्या मरणाची धास्ती या दोन्ही गोष्टी आपल्या पूर्वजांनी एकाच तिथीला बांधल्या आहेत.

सरकारी राष्ट्रीय आयुर्वेद दिन २०१६ पासून धनत्रयोदशीलाच साजरा होत असे. २०२५ पासून तो २३ सप्टेंबरला गेला. घरातली पूजा मात्र आजच आहे. म्हणून आजच विचारायला हवे, की आयुर्वेदाने लहान मुलांविषयी नेमके काय सांगितले आणि त्यातले आपण काय उचलले?

जे उचलले ते बाजारात दिसते. मूल पोटात असतानाच गर्भसंस्कारांचे वर्ग, जन्मल्यावर दर पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशनाचे थेंब, शाळेत जाऊ लागले की स्मरणशक्ती वाढवणारी सिरपे. प्रत्येक ठिकाणी आश्वासन एकच, की मूल इतरांपेक्षा हुशार होईल. काळजीत पडलेले आईबाप पैसे मोजतात, आणि त्यांच्या मायेला कुणी नावे ठेवू नयेत. पण मूळ ग्रंथ उघडले तर औषधाच्या आधी कितीतरी पाने निराळ्याच गोष्टीवर खर्च झालेली दिसतात. ती गोष्ट म्हणजे बाळाकडे नीट पाहणे.

आयुर्वेदाच्या आठ अंगांत बालचिकित्सेला स्वतंत्र अंग आहे. वाग्भटाने तर ते कायचिकित्सेनंतर लगेच दुसरे धरले. तिचे नाव कौमारभृत्य आणि तिचा मुख्य ग्रंथ काश्यपसंहिता. हा ग्रंथ कित्येक शतके नाहीसाच झाला होता. नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांच्या संग्रहात त्याची खंडित पोथी सापडली आणि १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून ती छापून निघाली. पुष्कळ पाने हरवलेली आहेत, पण जे उरले त्यात वेदनाध्याय नावाचे एक प्रकरण आहे. बोलता न येणाऱ्या बाळाचे दुखणे ओळखायचे कसे, हा त्याचा विषय. बाळ डोके इकडून तिकडे फिरवते, डोळे मिटून घेते, रात्री झोपत नाही, तर डोके दुखत असेल. हात पुन्हा पुन्हा कानाला लावते, तर कान. स्तन सोडून देते, उताणे ठेवले की रडते, पोट ताठ होते आणि तोंडावर घाम येतो, तर पोटात कळ. आजही बालरोगतज्ज्ञ तान्ह्या बाळाला तपासताना अशाच खुणांकडे लक्ष देतात. हे ज्याने लिहिले त्याने असंख्य बाळांच्या पाळण्याशेजारी तासन् तास बसून पाहिले असले पाहिजे.

त्याच ग्रंथात फक्क नावाच्या रोगाचे वर्णन येते. वर्ष उलटले तरी पायांवर न चालणारे मूल म्हणजे फक्क. दूषित दुधाने, आई पुन्हा गरोदर राहिल्याने दूध कमी पडून, किंवा दीर्घ आजारपणाने, अशी त्याची तीन कारणे ग्रंथ सांगतो. कुपोषणाचे इतके स्वच्छ निदान वाचून थक्क व्हायला होते. उपचारांत तेल-तूप, आहार यांच्या जोडीला एक तीन चाकांचा गाडा आहे, त्याला धरून मुलाने चालायला शिकावे म्हणून. शरीर, अन्न, हालचाल आणि खेळ यांचा एकत्र विचार करणारी ही दृष्टी आहे. आज भौतिकोपचार केंद्रांत विकासात मागे पडलेल्या मुलांसाठी जे चालते, त्याच्याशी तिचे नाते सरळ आहे.

चरकाच्या संहितेतला शारीरस्थान हा भाग पाहा. बाळाची खोली कशी असावी, वारा आणि उजेड किती असावा, अंथरूण कसे धुवावे, हे तो सांगतो आणि खेळण्यांवर येतो. खेळणी रंगीबेरंगी, आवाज करणारी, मन रमवणारी असावीत. जड नसावीत, टोकदार नसावीत, तोंडात जातील इतकी लहान नसावीत, बाळ घाबरेल अशी नसावीत. पुढचे सांगणे प्रत्येक घराने लक्षात ठेवावे असे आहे. मूल रडते आहे, जेवत नाही, ऐकत नाही म्हणून त्याला राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये. सुश्रुत त्याच्याही पुढे जातो. बाळाला दरडावू नये, झोपेतून दचकवून उठवू नये, एकदम हिसकून उचलू नये, वेळेआधी बसवू नये, त्याच्या कलाने घ्यावे. ‘बागुलबुवा येईल’, ‘पोलीस धरून नेतील’ असे म्हणत मुलांना घास भरवणारा आपला समाज आयुर्वेदाचा अभिमान सांगतो आणि त्यातले हे साधे वाक्य मात्र विसरतो. आता बागुलबुवाच्या जागी मोबाइल आला आहे. जेवताना मूल मान वर करत नाही, म्हणजे काम झाले असे आपण समजतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले, की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाभरापेक्षा जास्त नको. बाळाशी बोलणारे माणूस हेच त्याचे पहिले खेळणे.

परंपरेतल्या पुष्कळ गोष्टी आजच्या कसोटीवर उतरतात. सहाव्या महिन्यात हलके, हितकर अन्न सुरू करावे असे सुश्रुत म्हणतो. पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध आणि मग वरचे अन्न, हाच आजचा जागतिक सल्ला आहे. आपल्याकडच्या आज्या बाळाला पायांवर घेऊन तेल चोळतात. मुंबईच्या शीव रुग्णालयात नवजात बाळांवर झालेला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की खोबरेल तेलाने मालिश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन अधिक वेगाने वाढले. बाळंतिणीला सव्वा महिना खोलीत विश्रांती, अळीव-डिंकाचे लाडू, घरात कुणी ना कुणी सतत हाताशी, ही व्यवस्था आईच्या मनाला आणि शरीराला किती सावरते, हे त्या व्यवस्थेविना दोन खोल्यांच्या सदनिकेत एकटीने बाळ वाढवणाऱ्या मुलीला विचारावे.

पण वारसा घेताना डोळे मिटून घेता येत नाही. सुश्रुताने जन्मानंतर पहिले काही दिवस बाळाला मध-तूप द्यायला सांगितले, कारण आईचे दूध तीन-चार दिवसांनी उतरते अशी त्याची समजूत होती. आज आपल्याला ठाऊक आहे, की पहिल्या दिवसांतला घट्ट पिवळा चीक ही बाळाची पहिली लस आहे आणि तो जन्मानंतर तासाभरात त्याच्या पोटात जायला हवा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवला तर त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा होऊ शकते. म्हणून वर्षभर मध नको, बोटभरही नको. सहाणेवर उगाळलेल्या बाळगुटीत जायफळाचे वेढे जास्त पडले तर बाळ शांत झोपत नाही, गुंगीत जाते. कोंडलेल्या खोलीतली शेगडी आणि वावडिंग-ओव्याची धुरी कोवळ्या फुप्फुसांना सोसत नाही. बाजारच्या काजळात शिसे सापडले आहे. अमेरिकेतल्या बोस्टनच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या सत्तर आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा चौदांमध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले, असे २००४ साली प्रसिद्ध झाले. शिशाचा पहिला घाव मुलाच्या वाढत्या मेंदूवर बसतो. बुद्धी वाढवायला दिलेल्या थेंबाने बुद्धीच खुंटावी, यासारखी दुसरी शोकांतिका नाही.

हे सांगणे आयुर्वेदाच्या विरोधात जात नाही. चरकाने ज्ञानाची चार साधने मानली: जाणकारांचा शब्द, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. जाणकाराचा शब्द प्रत्यक्षाशी जुळेना, तर प्रत्यक्षाकडे पुन्हा पाहणे हा चरकाच्या शिष्याचा धर्मच आहे. जो वैद्य मधाचे बोट थांबवतो आणि लसीकरणाचे कार्ड तपासून मगच सुवर्णप्राशन करतो, तो परंपरा पुढे नेतो. जो लसीऐवजी थेंब पुरेत म्हणतो, तो पोरांच्या जिवाशी खेळतो.

बारकाईने पाहण्याची ही परंपरा महाराष्ट्रात निराळ्या वाटांनीही जिवंत राहिली आहे. ग्रंथांनी आईचे दूध कमी पडल्यास धात्रीची, म्हणजे दूध पाजणाऱ्या दाईची, सोय सांगितली होती. शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उघडली आणि परक्या आईचे दूध निर्जंतुक होऊन अशक्त बाळांपर्यंत पोचू लागले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना बाळाचे श्वास मोजायला, त्याचे रडणे, चोखणे, अंगाची ऊब ओळखायला शिकवले. एकोणचाळीस गावांतल्या त्या कामातून नवजात मृत्यूचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. पुढे २०११ पासून घरोघरी नवजात बालसेवा हे देशातल्या आशा कार्यकर्तींचे काम झाले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर मुलांकडे शाळा नेली. गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, अंगणात बालवाडी भरवली. खेळ, स्वच्छता, खाऊ आणि शिक्षण त्यांनी कधी वेगळे केले नाही. समग्र बालविकास म्हणतात तो हाच.

आणि तरीही या राज्यात पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. दिवाळी सरता सरता बीडची आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांची कुटुंबे कोयता घेऊन उसाच्या फडाकडे निघतील. त्यांच्यातल्या कित्येक बायका बाळंतपणानंतर काही दिवसांतच मोळ्या उचलतील. तान्हे बाळ बांधावरच्या झोळीत राहील, त्याच्यावर लक्ष ठेवायला सहा-सात वर्षांची बहीण असेल, आणि तिची शाळा बुडालेली असेल. २०१७ च्या कायद्याने २६ आठवड्यांची प्रसूतिरजा दिली, पण ती पगारी नोकरीतल्या बाईला. कोयत्याच्या उचलीवर जगणाऱ्या बाईला ती लागू नाही. चरकाने बाळासाठी उजेड-वाऱ्याची, उंदीर-कीटकांपासून सुरक्षित खोली मागितली आहे. फडावरच्या पालात ती कुठून येणार? आईला विश्रांती नाही, पोटभर अन्न नाही, बाळाशी बोलायला उसंत नाही, तिथे कोणतीही गुटी आणि कोणतेही सिरप काय करणार? समग्र आरोग्याचा विचार शहरातल्या सुखवस्तू घरापाशी थांबला, तर तो समग्र राहत नाही.

म्हणून आजच्या पूजेच्या निमित्ताने काही मागण्या स्पष्ट शब्दांत मांडायला हव्यात. मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक आयुर्वेदिक उत्पादनाची शिसे, पारा आणि आर्सेनिकसाठी तपासणी व्हावी आणि तिचा निकाल वेष्टनावर मराठीत छापावा. सुवर्णप्राशनाची शिबिरे घेणाऱ्या वैद्यांनी मुलांच्या नोंदी ठेवाव्यात आणि गुण येतो की नाही ते सर्वांसमोर मांडावे. बालरोगतज्ज्ञांनी आजीला हिणवणे सोडावे. ओरडा खावा लागेल म्हणून आया गुटीचे नाव डॉक्टरांपुढे घेत नाहीत, आणि लपवलेल्या गुटीतला धोका मग कुणालाच दिसत नाही. साखर कारखान्यांनी प्रत्येक हंगामात फडावर पाळणाघर चालवावे. अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावरचे कागदाचे ओझे उतरवावे, म्हणजे तिला मुलांकडे पाहायला वेळ उरेल. आणि बाळाची अंघोळ, जेवण, जागरण ही आईची कामे असे मानणाऱ्या बापांनी आजपासून त्यातला आपला वाटा उचलावा.

धन्वंतरीच्या हाती अमृताचा कलश आहे, अशी आपली श्रद्धा. मुलाच्या वाट्याला येणारे अमृत मात्र माणसांनीच पुरवायचे असते: वेळेवर दूध, वेळेवर लस, ताजे अन्न, निर्भय घर आणि त्याच्याकडे लक्ष देणारी माणसे. एवढे प्रत्येक मुलाला मिळेपर्यंत धन्वंतरीचे पूजन पुरे झाले, असे म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही.