राणीच्या पुतळ्यावरचे डांबर

भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा आहे. तो मूळचा तिथला नाही. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तो मुंबईला भेट दिला, मॅथ्यू नोबल यांनी घडवला आणि १८७२ साली व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांच्या हस्ते एस्प्लनेडवर त्याचे अनावरण झाले. म्हणजे परकीय सत्तेचे हे प्रतीक एतद्देशीय संस्थानिकाच्या पैशातून उभे राहिले. ही गोष्ट टोचते, म्हणूनच ती सांगितली पाहिजे.

१८९६ साली चापेकर बंधूंनी या पुतळ्याला डांबर फासले, गळ्यात खेटरांची माळ घातली. पुढे पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या वधाबद्दल तुरुंगात असताना दामोदर चापेकरांनी आपल्या आत्मवृत्तात हे लिहून ठेवले. सामाजिक सुधारकांवरचा त्यांचा रागही त्याच आत्मवृत्तात आहे. एक पान दाखवून दुसरे झाकणे बरे नव्हे.

संगमरवरात मुरलेले डांबर काही केल्या निघेना. अखेर रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी ते काढले. एका भारतीयाची विद्वत्ता त्यातून सिद्ध झाली, याचा अभिमान वाटतो. पण त्या डागाबरोबर निषेधाची एकमेव दृश्य खूणही गेली.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर पुतळ्याच्या मूळ जागेजवळच हुतात्मा स्मारक उभे राहिले. १९६५ मध्ये ‘काळा घोडा’ म्हणून ओळखला जाणारा सातव्या एडवर्डचा पुतळा हलला, त्याच सुमारास राणीही भायखळ्याला गेली. हा निर्णय योग्यच होता. चौकातला पुतळा हा सन्मान असतो, आणि कोणाचा सन्मान करायचा हे ठरवण्याचा हक्क स्वतंत्र नागरिकांचा आहे. चौकातून पुतळा हलवला म्हणजे इतिहास पुसला, ही ओरड आम्हाला मान्य नाही.

मात्र हलवल्यावर पुढे काय, याचे उत्तर इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराने अधिक नीट दिले. गुलामांच्या व्यापारात पैसा मिळवलेल्या एडवर्ड कोलस्टनचा १८९५ चा पुतळा निदर्शकांनी ७ जून २०२० रोजी पाडून बंदरात ढकलला. पालिकेने तो बाहेर काढला आणि अंगावरच्या रंगासकट, आडवाच, संग्रहालयात ठेवला. चौथरा, पाण्यात पडणे आणि रंग, सारे त्याच्या चरित्राचा भाग झाले.

मुंबईत डांबर आता परत आणता येणार नाही. पण खंडेराव, चापेकर आणि गज्जर ही तिन्ही नावे राणीच्या पायाशी एकाच मराठी फलकावर ठळकपणे वाचता आली पाहिजेत. महापालिका आणि संग्रहालय यांनी ते काम मनावर घ्यावे.