संपत्ती हे कवच नव्हे

१९२१ साली दक्षिण चीनमधील शान्तौ परिसरातून आलेल्या दोन भावांनी बँकॉकच्या चिनी वस्तीत बियाण्यांचे एक लहानसे दुकान थाटले. भाजीपाल्याचे बियाणे चीनमधून आणायचे आणि थाई शेतकऱ्यांना विकायचे, एवढाच त्यांचा व्यवसाय. त्याच दुकानातून पुढे पशुखाद्य, कुक्कुटपालन, किरकोळ विक्री, दूरसंचार अशा क्षेत्रांत पसरलेला 'चारोएन पोकफांड' हा अवाढव्य उद्योगसमूह उभा राहिला. मलेशियात रॉबर्ट क्वोक साखरेच्या व्यापारातून मोठे झाले, तर फिलिपिन्समध्ये हेन्री सी यांनी पादत्राणांच्या दुकानातून मॉलचे साम्राज्य उभारले. आग्नेय आशियातील कोणत्याही राजधानीत अशी उदाहरणे सापडतात. त्यांच्याकडे पाहून दोन सोपे निष्कर्ष काढले जातात. एक, चिनी माणूस जात्याच व्यापारी. दुसरा, हा सारा बीजिंगने रचलेला व्यूह. हे दोन्ही निष्कर्ष इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत.

हे लोक प्रामुख्याने फूच्येन आणि क्वांगतुंग या किनारी प्रांतांतून बाहेर पडले, ते दारिद्र्य आणि अराजक यांना कंटाळून. चीनच्या सम्राटांनी तर दीर्घकाळ परदेशगमनावर बंदीच घातली होती. डच आणि ब्रिटिश राज्यकर्त्यांना मात्र स्थानिक जनता आणि स्वतः यांच्यामध्ये एक मध्यस्थ वर्ग हवा होता. अफूचे आणि जुगाराचे मक्ते, कथलाच्या खाणी, खेड्यापाड्यांतील किरकोळ व्यापार असा सारा व्यवहार त्यांनी चिन्यांकडे सोपवला. बँका दारात उभ्या करीत नसत, तेव्हा एकाच बोलीचे आणि एकाच गावचे लोक केवळ शब्दावर परस्परांना उधारी देत. शब्द मोडणाऱ्याला त्या वर्तुळात पुन्हा थारा नसे. या समाजाच्या भरभराटीचे खरे भांडवल म्हणजे ही पत होय.

इंडोनेशियाचा धडा

या भरभराटीची दुसरी बाजू इंडोनेशियात दिसते. तेथे चिनी वंशाचे लोक जेमतेम एक-दोन टक्के. तरी 'सत्तर टक्के अर्थव्यवस्था त्यांच्या हाती' असे वाक्य सर्रास ऐकू येते. वस्तुतः हा आकडा शेअर बाजारातील खासगी कंपन्यांविषयीच्या एका अंदाजातून आलेला आहे. त्यात सरकारी आणि परदेशी कंपन्या मोजलेल्याच नव्हत्या. तेल, सरकारी बँका, शेतजमीन हे सारे त्याबाहेर राहिले. परंतु अर्धसत्य हे असत्यापेक्षा वेगाने पसरते.

सुहार्तो यांच्या राजवटीने या समाजाचा दुहेरी उपयोग करून घेतला. लिएम स्यू लिओंग यांच्यासारख्या मूठभर उद्योगपतींना लवंगांची आयात आणि गव्हाच्या पिठाचा व्यवसाय यांत मक्तेदारी मिळाली. त्याच वेळी लक्षावधी सामान्य दुकानदारांच्या शाळा बंद झाल्या, त्यांना नावे बदलावी लागली आणि १९६७ पासून त्यांचे सण सार्वजनिकरीत्या साजरे करण्यासही मनाई झाली. आर्थिक संकट कोसळले तेव्हा, मे १९९८ मध्ये, जमावाचा रोष राजवाड्याकडे न वळता चिनी दुकानांकडे वळला. हजाराहून अधिक माणसे मेली. त्यांतील अनेक जण जळत्या मॉलमध्ये अडकलेले गरीब इंडोनेशियनच होते. चिनी स्त्रियांवर अत्याचार झाले. लिएम यांचे जकार्तामधील घर जाळले गेले आणि त्यांचे अखेरचे दिवस सिंगापुरात गेले. सत्ताधाऱ्यांची कृपा चौघांवर होती, किंमत मात्र साऱ्या समाजाने मोजली.

थायलंडने वेगळी वाट धरली. तेथेही आरंभी कटुता होती. १९१४ मध्ये खुद्द राजाच्या लेखणीतून चिन्यांविरुद्ध निबंध प्रसिद्ध झाला होता. पुढे चिनी शाळांवर निर्बंध आले. परंतु समान बौद्ध श्रद्धा, विवाहसंबंध आणि थाई नावे यांमुळे दोन-तीन पिढ्यांत भिंती विरघळल्या. २००१ मध्ये पंतप्रधान झालेल्या थाकसिन शिनावात्रा यांचे पूर्वज चीनमधून आले होते. त्यांच्याविरुद्ध थाई जनतेने किती तरी आंदोलने केली, पण ती त्यांच्या वंशाविरुद्ध नव्हती.

बीजिंगची संधी आणि संकट

चीनने या समाजाचे महत्त्व ओळखले ते १९७९ नंतर. चार विशेष आर्थिक क्षेत्रांसाठी निवडलेली शान्तौ आणि श्यामेन ही बंदरे म्हणजे याच स्थलांतरितांची माहेरे होती. शेन्झेनमधील '०००१' क्रमांकाचे परकीय गुंतवणूक प्रमाणपत्र बँकॉकच्या त्या बियाणे-दुकानाच्या वारसांनी मिळवले. तेव्हा बीजिंगने एक शहाणपण पाळले होते. १९५५ मध्ये बांडुंग येथे इंडोनेशियाशी करार करून आणि १९८० च्या कायद्याने त्याने दुहेरी नागरिकत्व नाकारले. तुम्ही जेथे राहता तेथलेच व्हा, असा त्याचा अर्थ होता.

आज ती रेषा पुसट होत आहे. २०१५ मध्ये मलेशियातील चिनी राजदूताने क्वालालंपूरच्या चिनी बाजारपेठेत जाऊन केलेल्या विधानावर तेथील सरकारला स्पष्टीकरण मागावे लागले. २०१८ मध्ये परदेशस्थ चिन्यांचे खाते कम्युनिस्ट पक्षाच्या संयुक्त आघाडी विभागात विलीन झाले. वंश हीच निष्ठा, असे एखादी महासत्ता सुचवू लागली की पहिला संशय त्या दुकानदारावर येतो, ज्याच्या चार पिढ्या त्याच मातीत मिसळल्या आहेत.

भारताला हा अनुभव परका नाही. ब्रह्मदेशात चेट्टियार सावकारांनी भातशेतीला भांडवल पुरवले. १९३० च्या मंदीत कर्जे बुडाली आणि दक्षिण ब्रह्मदेशाच्या प्रमुख भात-जिल्ह्यांतील जवळजवळ चतुर्थांश जमीन त्यांच्याकडे आली. कायद्याने ती त्यांची होती, पण लोकांच्या मनाने ती कधीच स्वीकारली नाही. १९६२ च्या लष्करी सत्तांतरानंतर लक्षावधी भारतीय रिकाम्या हातांनी परतले.

२००३ पासून ९ जानेवारीला प्रवासी भारतीयांचा गौरव होतो, तो योग्यच आहे. त्यांचे भांडवल आणि ज्ञान यांचे स्वागत करण्याची तत्परता चीनकडून जरूर शिकावी. परंतु नैरोबी, फिजी वा न्यू जर्सीतील भारतीयाची सुरक्षितता अखेर त्याच्या शेजाऱ्याच्या विश्वासावर अवलंबून आहे. मायभूमीशी नाते संस्कृतीचे असावे आणि निष्ठा कर्मभूमीशी. ज्याने शेजारी जोडला, त्याचीच तिजोरी सुरक्षित राहिली.